चुन्याचा पट्टा

माझा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. शकुबायचा डावा जात नाही. तिचा मी मोडला, माझा तिच्या गावानं. कुणी विचारलंच तर मी एवढंच सांगतो, आणि बहुतेकांना पुढं विचारायची छाती होत नाही. आज सगळं सांगतो. माझी बाजू मांडायला नाही, मला बाजूच नाही.

मी सुबोध तांबे, राहणार भांडुप. माझे वडील काशीराम गिरणीत होते. संपात गिरणी गेली तेव्हा कुणाच्या तरी ओळखीनं ते गोराईच्या खाडीच्या तोंडाशी असलेल्या कोटावर वॉचमन म्हणून लागले. कोटाला लागूनच पातवाडी नावाचा कोळीवाडा. बाबा आठवड्याचे सहा दिवस तिथंच राहायचे. शाळेला सुट्टी लागली की मी बोरिवलीहून तरीनं पलीकडं जायचो आणि त्या बुरजांवर दिवसभर उनाडक्या करायचो.

त्या कोटानं आजवर माणसंच खाल्ली आहेत. फिरंग्यांनी तो बांधला खाडीत शिरणाऱ्या गलबतांकडून जकात उकळायला, जो देत नसे त्याला बुरजावरून टांगत. मराठ्यांनी घेतला तेव्हा फिरंगी टांगले गेले. इंग्रजानं आत मिठाची कोठारं केली आणि चोरून मीठ नेणाऱ्यांच्या पाठी सोलल्या. दारूबंदीत त्याच कोठारांत हातभट्ट्या लागल्या. पोलिसांची धाड पडली त्या दिवशी एक जण उकळत्या पिंपात गेला. तो पडला की पाडला, यावर पातवाडीत अजून भांडणं होतात. बाबांच्या वेळी आत बर्फाचं गोदाम होतं आणि अधूनमधून मारामारीच्या सिनेमांचं शूटिंग चालायचं. कोटात सांडलेलं रक्त खोटं होतं असा तेवढाच काय तो काळ.

एक गोष्ट मात्र त्या कोटाकडं चांगली होती. समुद्राकडच्या बुरजावर, बाहेरच्या अंगाला, वरपासून खालपर्यंत दोन हात रुंदीचा चुन्याचा पांढरा पट्टा होता. खाडीच्या तोंडाशी पाण्याखाली खडकांच्या दोन रांगा आहेत, आणि मधली वाट जेमतेम दोन होड्यांएवढी. होडीचा तांडेल बाहेरून येताना मागच्या टेकडीवरचं एकुलतं एक ताडाचं झाड बघतो. ताड पट्ट्याच्या बरोबर वर आला की सुकाणू घट्ट धरून सरळ आत शिरायचं. ताड बाजूला दिसला तर खाली खडक आहे. आता सगळ्यांच्या होड्यांवर जीपीएस आहे, पण ते तोंडापर्यंत आणून सोडतं, पुढं पट्टाच लागतो.

पावसानं धुतला गेलेला हा पट्टा दर वर्षी नारळी पौर्णिमेच्या आधी, उघडीप बघून पुन्हा मारायचा. एका माणसाला फळीवर बसवून दोरानं बुरजाखाली सोडतात. खाली चाळीस हात आणि मग धारदार खडक. दोर धरायच्या त्या फक्त बायका, आणि त्याही ज्यांचा नवरा, मुलगा किंवा भाऊ होडीवर आहे अशाच. 'जिचं माणूस दर्यात, तिच्या हातून दोर सुटत नाय,' असं पातवाडीत म्हणतात. दहा वर्षांचा असताना मी हे पाहिलं होतं. मी पट्ट्यावर कोळशानं नाव लिहायला निघालो तेव्हा बाबांनी कानाखाली काढली होती. ते म्हणाले होते, "ह्यो पट्टो नाय रे, तेंचो रस्तो आसा. ह्येका हात लावायचो नाय."

म्हणजे मला माहीत होतं. हे आधीच सांगून ठेवतो.

दोन वर्षांपूर्वी कोट एका लग्न लावणाऱ्या कंपनीला भाड्यानं मिळाला. मिहिर नावाचा तिशीतला मॅनेजर आला, पांढरे बूट घालून. त्यांना सिक्युरिटीचा हेड हवा होता. माझं अंधेरीतल्या एका मॉलमधलं काम नुकतंच सुटलं होतं, कारण मी एका गिऱ्हाइकाला थोबाडीत मारली होती. माझा राग हा असा आहे, आधी हात जातो, डोकं मागून पोचतं. मिहिरला असाच माणूस हवा होता. माझ्या हाताखाली बारा पोरं दिली, वॉकीटॉकी दिला, आणि आयुष्यात पहिल्यांदा लोक मला साहेब म्हणायला लागले. मला ते आवडलं. फार आवडलं.

कोटाच्या अंगणात पातवाडीच्या बायका बोंबील सुकवायच्या. मिठाची कोठारं बंद झाल्यापासून ती जागा त्यांचीच होती. लग्नाच्या पाहुण्यांना वास नको म्हणून ऑक्टोबरात मिहिरनं अंगण रिकामं करायला सांगितलं. तोंडी सांगितलं तर ऐकेनात. मी पोरांना घेऊन गेलो आणि बोंबील टांगलेले बांबूचे मांडव लाथांनी पाडले. ओले बोंबील मातीत गेले. तेवढ्यात त्या बायकांतल्या शकुबायचा मुलगा चैतन्य धावत आला. सव्वीस वर्षांचा, स्वतःच्या होडीचा तांडेल. त्यानं माझ्या नाकावर डोकं आपटलं. मला क्षणभर काही दिसेना. मग मी त्याला धरला, मातीत पाडला आणि दोन दात पडेपर्यंत मारला. शेवटी माझ्याच पोरांनी मला ओढून काढलं.

शकुबायनं पदरानं त्याचं तोंड पुसलं. मग माझ्याकडं बघून म्हणाली, "काशीभावचा पोर ना तू? तुजा बाप माज्या हातचा जवला खात व्हता."

मी म्हटलं, "माझा बाप मेला. तुम्ही रस्ता धरा."

पुढच्या आठवड्यात मिहिर लॉंचमधून ड्रोनचं शूटिंग बघून आला. मला मोबाइलवर बुरूज दाखवत म्हणाला, "सुबोधभाई, हा व्हाइट पॅच काढून टाका ना. ओरिजिनल दगड दिसू दे. एकदम गावठी वाटतं यार."

बाबांची थोबाडीत मला त्याच क्षणी आठवली. वाक्यही आठवलं. मी तोंड उघडलं असतं तर मिहिर हसला असता, फार तर आपल्या साहेबाला फोन केला असता. पण नाक अजून दुखत होतं. दुखऱ्या नाकानं मी विचार केला की ज्यांचा रस्ता आहे त्यांना जरा कळू दे. दोन दिवस तारेचे ब्रश आणि पाण्याचा फवारा लावून पोरांनी पट्टा खरवडला. दगड खाली पांढुरका राहिला, पण जवळून बघणाऱ्यालाच तो कळला असता. चैतन्य गेटवर आला. ओठ अजून सुजलेला. म्हणाला, "स्वच्छ हवेत आमी अंदाजानं येऊ. पन हवा बिगडली तर माणूस मरंल, साहेब. पट्टा परत मारू द्या." मला साहेब म्हणाला तो. मी त्याला वरच्या ऑफिसात लेखी अर्ज द्यायला सांगितलं.

लगेच पुढच्या लग्नात बायकांनी उट्टं काढलं. कोटातल्या देवीची ओटी भरायची आहे म्हणून दहा जणी टोपल्या घेऊन आल्या. मी दया येऊन आत सोडलं. त्यांनी कुजक्या माशांचं पाणी जेवणाच्या मांडवात ओतलं. मिहिरनं मला सगळ्यांसमोर झापलं. त्या दिवशी मी ठरवलं, यापुढं यांची एकही सबब ऐकायची नाही.

डिसेंबरचा पहिला शनिवार. मोठं लग्न होतं. समुद्राकडच्या बुरजावरून, बाहेरच्या अंगाला, पांढऱ्या साटीनचं एक लांबलचक कापड सोडलं होतं, त्यावर नवरा-नवरीची सोनेरी अक्षरं. जुन्या पट्ट्याच्या जागेपासून ते वीसेक पावलं उजवीकडं होतं, कारण स्टेज तिथं होतं. लोखंडी कड्यांना माझ्याच पोरांनी बांधलं होतं.

दुपारी साडेतीनला आभाळ एकदम काळं झालं. वादळाचा इशारा सकाळीच आला होता आणि बाहेर गेलेल्या होड्यांना परत फिरायला सांगितलं होतं, हे मला नंतर कळलं. वारा सुटला, खुर्च्या उडाल्या, पाऊस आडवा यायला लागला. पाहुणे कोठारांत पळाले. आणि त्याच वेळी गेटवरचा पोरगा वॉकीटॉकीवर ओरडला की गाव आलंय.

मी गेटवर गेलो. वीस-बावीस बायका आणि चारपाच म्हातारे होते. पुढं शकुबाय, भिजून चिंब, हातात मासे कापायचा कोयता. काम टाकून तशीच धावत आली होती. मला मात्र कोयताच दिसला. पोरांनी लाठ्या उचलल्या. मीही माझी उचलली.

"गेट उघड," ती म्हणाली. "बुरजावरचं कापड काढ."

"आज कसली ओटी आहे, शकुबाय?"

"माजा चैतन्य येतोय. तीन होऱ्या येताहेत. या पावसात ताड आन् तुजं पांढरं कापड, एवढंच दिसंल त्यांना. ते गेले तवा कापड नव्हतं, अर्ज मंजूर होऊन पट्टा परत मारला असं समजून ते कापडच धरतील. फोन लावला, पिशवीत बांधलेला असतो, कुनी उचलत नाय. सुबोध, कापड काढ रे."

सगळं स्पष्ट ऐकू आलं. वाऱ्यानं गिळलं वगैरे काही नाही. मला वाटलं, ही नवी सबब. आता आत शिरतील आणि लग्न मोडतील. मी म्हटलं, "बायांनो, मागे व्हा. नाहीतर वाट लागेल."

ती मागे झाली नाही. गेटची कडी आतून सैल होती, सगळ्यांनी मिळून रेटली तशी निघाली. माझी पोरं तुटून पडली. एका म्हाताऱ्याच्या डोक्यात लाठी बसली आणि तो बसल्या जागी वाकला. एक बाई माझ्या पोराच्या हाताला चावली, त्यानं तिला केसांना धरून भिंतीवर आपटली. शकुबाय या सगळ्यातून वाट काढत सरळ बुरजाच्या पायऱ्यांकडं निघाली. मी आडवा गेलो. तिनं कोयत्याचा हात वर केलासुद्धा नव्हता. मी लाठी दोन्ही हातांनी घेतली आणि तिच्या डाव्या खांद्याखाली घातली. हाड मोडल्याचा आवाज पावसातही आला.

ती पडली नाही. हात लोंबत होता. माझ्या तोंडाजवळ तोंड आणून, अजिबात न ओरडता म्हणाली, "दुसरा पन मोड. पन ते कापड काढ."

त्या वाक्यानं माझ्या अंगातली सगळी रग गेली. सबब सांगणारी बाई दुसरा हात पुढं करत नाही. मी वळलो आणि पायऱ्या चढायला लागलो. ती माझ्या मागून आलीच.

बुरजावरून समुद्र नुसता राखाडी दिसत होता. त्यात तीन होड्या. पहिली निळी, पिवळ्या नाकाची. चैतन्यचीच, मी ओळखली. ती वीस पावलं चुकून, थेट आमच्याकडं, साटीनच्या रेषेत येत होती. वेगात येत होती, कारण मागून लाटा रेटत होत्या आणि वाट चुकलोय असं त्याला वाटायचं काही कारणच नव्हतं. पांढरा पट्टा होता, वर ताड होता. त्यानं सगळं बरोबर केलं होतं.

मी हात हलवले, ओरडलो. होडी एका लाटेवर उचलली गेली आणि खाली खडकावर बसली. मधोमध फुटली. फळ्या उभ्या राहिल्या आणि पाण्यात माणसांची डोकी दिसली. पुढच्या लाटेनं ती डोकी त्याच खडकावर आपटली. मी डोळे मिटले. शकुबायनं मिटले नाहीत.

"मागं दोन हायत," ती म्हणाली. "धर."

तिच्या उजव्या हातातला कोयता मी घेतला आणि कापडाच्या दोऱ्या तोडल्या. एका हातानं ती ते ओलं, जड कापड ओढत जुन्या जागेकडं निघाली. तिथं बांधायला कडी नव्हती. कठड्यावर पोटावर पडून मी कापडाची वरची कड दोन्ही मुठींत धरली आणि बाकीचं बाहेर सोडलं. वाऱ्यानं ते मला उचलायला लागलं. शकुबाय माझ्या पायांवर बसली, सगळं वजन टाकून, आणि चांगल्या हातानं कापडाचं टोक मुठीत गुंडाळून घेतलं.

तिथून तिला खडक दिसत होता. पिवळं नाक दिसत होतं. फुटक्या फळीला धरलेला एक जण बराच वेळ दिसत होता. तो हात वर करत होता. मी म्हटलं, "शकुबाय, तुम्ही खाली जा, मी धरतो."

"हाललास तर कापड हालंल," ती म्हणाली.

दुसऱ्या होडीनं नाक वळवलं. तिसरीनंही. दोन्ही मधल्या वाटेनं आत आल्या, अकरा माणसं होती त्यांत. तेवढं होईपर्यंत फळीवर कुणी उरलं नव्हतं. मग ती माझ्या पायांवरून उठली आणि पहिल्यांदा किंचाळली. तो आवाज मला अजून झोपू देत नाही, आणि देऊही नये.

चैतन्य आणि दोन खलाशी गेले. दोघं पोहून वाचले.

पातवाडीनं मला पायऱ्यांवरच गाठलं. माझी बारा पोरं तोवर पळाली होती. ज्या दोन होड्या वाचल्या त्यांवरच्या माणसांनी मला वल्ह्यांनी मारलं. पहिले दोन फटके मी सवयीनं हातावर घेतले, तेव्हाच खांदा गेला. मग हात खाली सोडले. बरगड्या मोडल्या, एक कान गेला. शेवटी कुणीतरी म्हणालं, मरंल तो. शकुबाय खाली किनाऱ्यावर मुलाला शोधत होती, तिनं मला मारा असंही म्हटलं नाही आणि सोडा असंही नाही.

हॉस्पिटलात मिहिर आला. पांढरे बूटच होते. म्हणाला, "सुबोधभाई, स्टेटमेंटमध्ये एवढंच सांगा, बायका कोयते घेऊन आल्या, सेल्फ डिफेन्स. वकील आपला आहे." मी डाव्या हातानं त्याची कॉलर धरली. आधी हात गेला, नेहमीसारखा. पण या वेळी डोकं लगेच मागून आलं आणि मी त्याला सोडला. पोलिसांना सांगितलं की पट्टा मी खरवडून घेतला, मला माहीत असताना. कापड माझ्या पोरांनी बांधलं. बाईला मी मारलं. आता खटला चालू आहे, मी जामिनावर आहे. कंपनी गेली. कोटाला सरकारी सील लागलं, पुढं त्याचं काय होणार हे कुणालाच माहीत नाही.

पुढच्या वर्षी नारळी पौर्णिमेच्या तीन दिवस आधी उघडीप पडली. मी तरीनं गोराईला उतरलो आणि चालत पातवाडीत गेलो. सील कधीच कुणीतरी तोडलं होतं. बुरजावर चुन्याची बादली होती, दोर होता, फळी होती. दोर धरायला सात-आठ बाया उभ्या होत्या.  एकजण माझ्या पायाशी थुंकली.

मी म्हटलं, "मला सोडा खाली. मी मारतो."

"तुला सोडू?" थुंकणारी म्हणाली. "सोडतोच."

शकुबाय कठड्याजवळ बसली होती. दोर धरायला तिला बोलावलं नव्हतं. ते कुणाला सांगावं लागत नाही. तिचं आता दर्यात कुणी नव्हतं. ती उठली, दोराच्या सगळ्यात पुढच्या टोकाला, कठड्याला लागून उभी राहिली आणि उजव्या हाताला दोराचा एक वेढा घेतला.

"शकु, तुला चालत नाय," मागची म्हातारी हळू आवाजात म्हणाली.

"मी धरनार," ती म्हणाली. "बस फळीवर."

मी बसलो. माझ्याकडं एकच चांगला हात, त्यात ब्रश, मांडीत बादली. दोर धरायला हात उरला नव्हता. त्यांनी मला कठड्याबाहेर लोटलं आणि मी खाली जायला लागलो. मी घाबरलो होतो, खूप घाबरलो होतो, आणि त्याच वेळी वाटत होतं की झालं तर आत्ता होऊन जाऊ दे. पांढुरक्या दगडावर मी चुना मारत गेलो. निम्म्यावर आलो असेन, आणि दोर सुटला.

 खडक वर आले. चारपाच हात खाली गेलो आणि जोराचा हिसका बसून थांबलो. बादली निसटून खाली फुटली. दोर मांडीत रुतला होता. वर बायकांचा गलका झाला आणि थांबला. मी वर पाहिलं. कठड्यावरून शकुबायचा चेहरा वाकला होता. तिच्या मुठीतून रक्त दोरावरून खाली येत होतं. हात सुटला होता की सोडला होता, हे मी तेव्हा विचारलं नाही आणि पुढंही विचारणार नाही.

 मग तिनं कुणाला तरी दुसरी बादली सोडायला सांगितली.

"डावीकडचा कोपरा राहिला," ती म्हणाली. "त्यो भर आधी."

मी डावीकडं सरकलो आणि कोपरा भरला.